बहिणीची शाल

पिसा शहरात महामारी सुरू झाली तशी एका गावाच्या वेशीवर कडक तपासणी बसली होती. मेलेल्याचं कापड ज्याच्या अंगाला लागलं असेल, त्याला शिपाई आल्या पावली परत धाडत होते. खांद्यावर झोपलेल्या लहानग्या लेकीला, बिचेला, घेऊन वान्ना सकाळपासून रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

"कुठून आलात विचारलं तर प्रातो सांगायचं. पिसाचं नाव काढू नकोस."

"बहिणीला पुरून चार दिवस नाही झाले, आणि खोटं बोलू?"

"मग जा परत. तिच्या शेजारी जागा असेल अजून."

"जिभेला काही हाड आहे का तुमच्या?"

"तिची शाल टाकलीस ना वाटेत?"

"चांगली जाड लोकर होती हो."

"अगं, त्याच शालीत गेली ती!"

"ती वाईट हवेनं गेली. वैद्यच म्हणाले. शालीनं कुठे माणूस मरतं?"

"आहे कुठे ती?"

"देऊन टाकली मघाशी. मागच्या बाईची पोर थंडीनं काकडत होती."

"देवा रे! गप्प बस आता. आपला नंबर आला."

प्रातो सांगून दोघं सुटली. शिपाई वान्नाकडे वळला.

"पुढे ये, बाई. पोरीच्या अंगावरची शाल कुणाची?"

म्हातारी दारातच थबकली.

"माझ्या आईची," वान्ना म्हणाली.

"आई कशी आहे?"

"ठणठणीत आहे."

"मग नीट गुंडाळ पोरीला. आज हवा फार वाईट आहे."