तेवढ्या जागी हसू नका

नाही, उभा नको राहूस, बस — दार उघडायला वेळ आहे, आत झाडू मारतायत. मघाशी तू विचारलंस ना, काका, पिक्चर कसा आहे — मी नुसतं चांगला आहे म्हटलं. मला पटकन बोलता येत नाही, बाळा. पण तुम्ही सगळे एका ऑफिसातले, मागची अख्खी रांग तुमची, असं तो तुझा चष्मेवाला मित्र मोठ्यानं सांगत होता. म्हणून म्हटलं, तुझ्याशी बोलावं. तू त्यातला जरा शांत दिसतोस. एक मागायचं होतं. आधी सांगतो, मग मागतो — नुसतं मागितलं तर म्हणशील म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

पिक्चर चांगलाच आहे. दोनदा बघितलाय मी, हा तिसऱ्यांदा. गाड्यांच्या शर्यतीचा — त्या लांबोड्या विमानासारख्या गाड्या नव्हेत, आपल्या साध्याच, रस्त्यावरच्या, आतल्या सीटा काढलेल्या, दारावर नंबर रंगवलेले. गोल गोल पळवायच्या, एकमेकांना ठोकायच्या, आणि फिरून फिरून निघालो तिथंच यायचं. घाण्याचा बैल तेच करतो, पण त्याला टाळ्या कोण वाजवतं? हिरो ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर आहे — जगाला सांगतो हळू चालवा, आणि स्वतःला ब्रेक सापडत नाही. लोक हसतात. मी पण हसलो की — गाडीचं दार त्याच्या हातात येतं तिथं. आणि ती शर्यत होते ना, ती जागा आमची. आमच्या गावची, मुर्ध्याची. आमचं मिठागर होतं तिथं. आता काही पिकत नाही, उन्हाळ्यात जमीन नुसती फरशीसारखी होते — म्हणून पिक्चरवाल्यांना आवडली. आमच्या बापजाद्यांनी अनवाणी पायांनी तुडवून तुडवून ती तशी केली होती. त्यांना वाटलं, देवानंच गाड्यांसाठी करून ठेवलीय.

शर्यत म्हटली की बघणारी माणसं पाहिजेत. मग अख्खं गाव नेलं — डोक्यावर टोप्या, हातात झेंडे, दुपारी जेवणाचा डबा. शिट्ट्या मारा म्हणाले. पहिल्या दिवशी गाव पिक्चर बघायला आलं तेव्हा काय दंगा! आमचा काळूराम खुर्चीवर उभा राहून ओरडतोय — 'अरे, ती बघा माझी टोपी!' मागून कोणीतरी बोललं, 'टोपीचं काम चांगलं झालंय, काळूदादा, तू घरी जा.' सगळे हसले. चांगलं हसणं होतं ते. तिथंवर चांगलं होतं.

ती तिकडं, पुठ्ठ्याच्या गाडीपाशी फोटो काढून घेतेय, हिरव्या लुगड्यातली — ती माझी बायको. शांती. बाजूला मोबाईल धरून आहे ती आमची नात, पूर्वी. तिनंच तिकिटं काढली, आजीला सरप्राइज म्हणून. मी किती टाळलं — गुडघे दुखतायत म्हटलं, एसीनं सर्दी होते म्हटलं, तो पिक्चर उतरला असं पण सांगितलं. खोटं बोललो. पण आजकाल पोरींना मोबाईलवर सगळं दिसतं. शांती आहे पिक्चरमध्ये. टोपी नव्हे — तोंडासकट. पहिल्या दिवशी गाव आलं तेव्हा ही तापानं घरीच होती, आणि नंतर हिला कोणी काही सांगितलं नाही. सारखं तिकडं बघू नकोस, तिला कळेल.

मिठागरात पाणी सगळीकडे, पण पिण्याचा थेंब नाही. म्हणून आमच्या बायका भरलेली कळशी घेतल्याशिवाय तिथं पाय ठेवत नाहीत. मिठागर बंद पडलं, नळ आले, बाटल्या आल्या, तरी शांती कळशी घेऊन गेली. आणि आमच्यात पद्धत आहे — उन्हानं माणूस पडला की जो पहिला पोचेल त्यानं पाणी ओतायचं. विचारायचं नाही, कोण आहे, कोणाचा आहे. ओतायचं. त्या दिवशी त्यांनी भोंग्यातून सांगितलं, आता गाडी उलटणार आहे, कोणी हलू नका, खोटं आहे. सगळ्यांनी ऐकलं. ही पाणी भरायला गेली होती. ही आली आणि बघते तर गाडी आडवी, आणि एक पोरगा अर्धा बाहेर लोंबकळतोय, कपाळावर लाल. आणि सगळं गाव गोल करून उभं — झेंडे घेऊन. ही धावली. या वयात, लुगडं खोचून. अख्खी कळशी ओतली त्याच्यावर, हेल्मेट ओढलं, गालांवर चापट्या मारल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि मग आमच्याकडे वळून ओरडली — 'उभे काय र्‍हायलाव नुसते? हात लावा रं कुनीतरी!'

हसलास. — नाही, नाही, राहू दे, ओठ नको दाबूस. मी सांगतानाच तुला हसू आलं, तर पडद्यावर काय होणार. तिथं तर त्यांनी ते हळू केलंय, तिच्या पावलांवर वाजवणं टाकलंय, ढुम्म ढुम्म ढुम्म. ती ओरडते तिथं सगळ्यात जास्त हसतात. नया नगरची पोरं रस्त्यात ते वाक्य एकमेकांना मारतात, मोबाईलवर तिच्यासारखं धावून दाखवतात. मी बाजूनं जातो. त्यांना काय माहीत, मी कोण.

तुला कसं सांगू. आमचा भूपेश — मुलगा — घोडबंदरच्या रस्त्यावर गेला. स्कूटरवर होता. आम्ही पोचलो तेव्हा माणसं अशीच गोल करून उभी. कोणी वाईट नव्हतं, बाळा, कोणी फोन लावत होतं, कोणी हळहळत होतं. पण त्याचे ओठ कोरडे होते. हिनं ते बघितलं. मेल्या माणसाचे ओठ कोरडेच असतात, मी म्हटलं तिला. ती म्हणाली, एवढ्यांत एकाच्याकडे पाणी नव्हतं? त्यानंतर ती जेवायची, पण अशी, की कोणी सांगितलंय म्हणून. रात्री कूस बदलायचा आवाज यायचा नुसता.

आणि हा पोरगा उलटलेल्या गाडीतला — त्याला तिच्या हातातून उचलून त्यांच्या मोठ्या व्हॅनमध्ये नेलं. तो डायरेक्टर का कोण, त्यानं हात जोडले, 'आजी, तुम्ही वाचवलं आमच्या हिरोला.' मस्करीत म्हणाला का मायेनं, देव जाणे. तिनं खरं धरलं. संध्याकाळी काळूराम मला म्हणाला, अरे, वहिनीला सांग, ते सरबत होतं लाल. मी घरी गेलो सांगायला. तर ही भात वाढून घेऊन बसलेली — स्वतःहून. मला म्हणाली, 'एक तरी वाचला.' मी काय बोलणार? तू असतास तर बोलला असतास? झोपते आता ती. त्या पोराच्या नावानं दिवा लावते. मला विचारते, बरा असंल ना तो? मी म्हणतो, असेल की.

पिक्चरमध्ये तो लगेच उठतो. एक डोळा उघडतो, तिची कळशी स्वतःच्या डोक्यात हेल्मेटसारखी घालतो, आणि गाडी सरळ करून पळतो. ती बाई मागे ओरडत धावते, कळशी दे, कळशी दे. ते शांतीनं केलंच नाही — तिच्यासारखं लुगडं नेसवून दुसरीला धावायला लावलंय, पाठमोरी. हिला कळेल ना पण. स्वतःची पाठ माणूस ओळखत नाही असं थोडंच आहे.

म्हणून मी दुसऱ्यांदा आलो, एकटाच, सकाळच्या शोला. म्हटलं, थोडी माणसं असतील, कदाचित त्या जागी हसणार नाहीत — तसा एखादा शो सापडला तर तिला त्यालाच आणावं. कुठं काय. माझ्या शेजारी एक बाई इतकी हसली की ओढणीनं डोळे पुसत होती. तिच्या मांडीवरच्या लेकरानं विचारलं, 'मम्मी, वो दादी रो क्यों रही है?' ती म्हणाली, 'चुप, कॉमेडी है.' त्या लेकरालाच दिसलं तेवढं. आणि मग कळशी डोक्यात घातली तेव्हा — सगळे हसले, आणि माझ्या तोंडून पण निघालं. हसू. माझ्या. ते वाजवणंच असं आहे, पोटातून ओढून काढतं. मी तोंडावर रुमाल धरला, तरी थांबेना. मग तुला मी काय सांगणार, हसू नको म्हणून? पण तेच मागायचं होतं. तेवढ्या जागी. तुमची रांग बरोबर आमच्या मागे आहे. तुझ्या मित्रांना सांगशील? का आहे ते सांगू नकोस, नुसतं एक —

अरे. ते तुझेच ना? चष्मेवाला? ओळखलं त्यांनी तिला. हो, सेल्फी काढतायत. काढू दे. बघ कशी उभी राहिली, पदर सारखा केला. … ती विचारतेय त्यांना. मला इथून कळतं, ती हात असा करते ना, तेव्हा त्या पोराचंच विचारते. बरा हाय का, कुठल्या हास्पिटलात होता. बघ, ते हसतायत. एकमेकांच्या अंगावर पडून हसतायत. — आणि ती पण हसतेय. तिला वाटतंय, तो बरा आहे म्हणून हसतायत.

नाही, तू नको जाऊस तिकडं. काय सांगणार जाऊन? आता राहू दे, काही सांगू नकोस कोणाला. दार उघडलं बघ. मला तिच्या डाव्या अंगाला बसायचंय, त्याच कानानं ऐकू येतं तिला. ती जागा आली की मी काहीतरी बोलत राहीन. गुडघ्याचं बोलेन. जा तू, तुझा पॉपकॉर्न सांडतोय. जा.