ठाण्यातलं आमचं दुकान

विश्वास कोणावर ठेवावा रे, मोबाइलमधल्या नकाशावर की माणसावर? माझं साड्यांचं दुकान हिंदमाताला. ठाणेकरांनी मोबाइलवर साड्यांचं दुकान शोधलं तरी ते वर दिसावं, म्हणून एका एक्स्पर्टला काम दिलं. त्यानं नकाशावर ठाण्यात स्वतःच्या सासूच्या घरावरच माझ्या दुकानाची खूण टाकली. पंधरवड्यात त्याच्या सासूबाईंचा फोन.

"शेठ, लग्नाच्या खरेदीला पाच बायका घरी आल्यात."

"हिंदमाताला पाठवा की."

"एवढ्या लांब? चहा दिला त्यांना. कपाटात आहेरात आलेल्या साड्या पडून होत्या, त्यातल्या चार विकल्या."

संध्याकाळी माझ्या दुकानाला पाच स्टार: "साड्या बऱ्या, चहा उत्तम, मालकीणबाई प्रेमळ."

एक्स्पर्ट म्हणतो, "बघा, ठाण्यात धंदा वाढला."

तू दुकान काढलंस तर एवढं कर, गिऱ्हाईक कुणाचं ते वहीत खरं लिही.