पडू नका म्हणणाऱ्या बाई

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं भिंगरे, तू होय. चष्मा नाही डोळ्यांवर, नाव दिसलं नाही... नाही, नाही, झोपले नव्हते. आडवी... म्हणजे बसलेय. बसलेय जरा... कुठे म्हणजे? घरातच. पलंगाजवळ.

आवाजाला काय झालंय?... खोल येतोय? अगं, फोनच तसला आहे. तू बोल. बाळ काय म्हणतंय?... दात? खालचा?... वा. म्हणजे आता चावणार तुला. तू मला चावायचीस.

काय विचारायचंय?... मग विचार की... अगं विचार ना, आईच आहे मी... नाही हसणार... नाही, दवाखान्यातल्या बाईंसारखी पण नाही बोलणार. शपथ. बोल आता.

हं... हं...

अगं, मग त्यात एवढं अडखळायचं काय? दिवस राहू नयेत म्हणून काय करावं, एवढंच ना?... रडत नाहीये मी. बरं वाटलं गं, एवढंच. आठवतंय, तुझ्या वर्गात मी तक्ते घेऊन शिकवायला आले होते, घरी येऊन काय म्हणालीस? 'आई, बाहेर तू माझी आई नाहीस.' सगळं गाव मला विचारतं, कुठली गोळी, कुठलं इंजेक्शन, आणि माझी लेक जाते भलत्याच दवाखान्यात. आज पहिल्यांदा तू... बरं, बरं. नाही बोलत. गाडी रुळावर आणते.

पाळी आली का परत?... नाही अजून. पाजतेस ना?... हो, पण वरचं भरवायला सुरुवात केलीस ना? मग त्या दुधाचा भरवसा संपला... अगं ऐक ना. पहिले सहा महिने, निव्वळ अंगावरचं दूध, दिवसा आणि रात्रीसुद्धा, वर पाळी आलेली नाही, हे सगळं जुळलं तरच तो भरवसा. तुझी ठमी सात महिन्यांची झाली. आता तसंच रेटलंत तर भरवशाच्या म्हशीला टोणगा... घाबरवत नाहीये. आधी एक चाचणी करून घे, मनाची शांती. मग पुढचं...

रडतेय ना ती? ऐकू येतंय मला. जा, जा, घे तिला. फोन ठेवू नकोस, असू दे चालू. मी आहे. मी कुठे जाणार आहे.

...

गेली... आई गं. आई आई गं.

हं. आता नीट बघू. उजवा पाय. बोटं हलतायत. टाच... उचलली. पाय आखूड नाही, बाहेर वळलेला नाही. खुबा शाबूत आहे म्हणायचा. मनगट मात्र टम्म फुगलंय. उठ बाई, डाव्या हातावर जोर दे आणि... नाही. नाही जमत. ठेव अंग परत खाली.

शाबास. लोका सांगे ब्रह्मज्ञान. उद्या दुपारी वयस्कर मंडळींसमोर उभी राहणार होतीस ना, 'घरात पडू नये म्हणून'? काय सांगणार? सुटी सतरंजी काढा. काढलीय. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवा. बसवलाय. स्टुलावर चढू नका. नाही चढले. दिवा ठेवा, पायात घट्ट चप्पल घाला, फोन अंगावर बाळगा. सगळं केलंय. फक्त जमिनीवर कंडोम टाकू नका, एवढंच सांगायचं राहिलं.

गरज काय होती? सकाळच्या जोडप्यांच्या वर्गासाठी पाकिटं पिशवीत भरायची होती, भरायची. पण नाही. जुना खोका आहे, तेल सुकलं असेल, एक फोडून बघू. फोडला. नव्हतं सुकलं, चांगलं बुळबुळीत होतं. बोटांतून सटकला आणि गेला फरशीवर. मग चष्मा न लावता शोधत बसलीस. डोळ्यांना दिसला नाही, पायाला सापडला. आणि इतकी वर्षं ठणकावून सांगतेस, सगळ्यात निर्धोक साधन हेच, अंगाला काही अपाय नाही.

शिंपीकाकांना हाक मारावी का? वरच्या मजल्यावरच तर आहेत... आणि ते येऊन बघणार काय? बाई जमिनीवर आडवी, भोवती पाकिटांचा सडा, आणि तो शिकवायचा लाकडी नमुना गडगडत जाऊन दारापाशी पडलेला. नको रे देवा. लाजू नका, लाजू नका म्हणून दुसऱ्यांपुढे घसा कोरडा केला, आता स्वतः लाजून मर.

आणि हिला तर कळायलाच नको. न्हाणीघरात घसरले तेव्हाच म्हणाली होती, पुन्हा पडलीस तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. नाही जायचं मला. माझ्या दोन खोल्या, माझी खिडकी, सकाळचा चहा माझ्या वेळेला. तिचं विचारून होऊ दे. मग सरपटत पलंगाशी जाईन, कुण्णाला कळणार नाही. पहिल्यांदाच काही विचारतेय पोरगी, त्यात माझं रडगाणं कशाला...

हॅलो?... हं, आलीस? झाली गप्प?... कुणाशी? कुणाशी बोलणार मी? रेडिओ असेल. रेडिओ लावला होता... केला बंद.

एवढी धाप का लागलीय तुला?... खांद्यावर घेऊन फिरवतेयस. बरं. मग नंतर करतेस का फोन?... आत्ताच? सगळी साधनं एकेक करून सांगू? सावकाश?... आज भलताच वेळ आहे तुला.

बरं, ऐक. गोळी. चांगली आहे, पण पाजणाऱ्या बाईला ती नेहमीची नको एवढ्यात, तिच्यासाठी वेगळी असते. ती रोज घ्यायची आणि रोज ठरल्या वेळेला. तू आणि ठरली वेळ?... रागावतेस काय, गॅसवर दूध ठेवून अंघोळीला जातेस तू. ही विसरलीस की नुसतं दूध उतू जायचं नाही, पोर व्हायचं.

इंजेक्शन. तीन महिन्यांनी एक, रोजची कटकट नाही. पण पाळी वेडीवाकडी होते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, कधी कधी वर्षसुद्धा. दुसरं हवंय ना तुम्हाला?... बघू म्हणताय. मग ते धरून चाल... काडी? हो, ती दंडात बसवतात कातडीखाली, काही वर्षं बघायला नको. तिनंही पाळी इकडेतिकडे होते, काहींना चालतं, काहींचा जीव जातो... पुरुषांची शस्त्रक्रिया? बाईच्यापेक्षा सोपी आहे, पण ते कायमचं काम. 'बघू' म्हणणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

हॉर्न कसला वाजला?... खिडकी उघडी आहे? तुमच्या गल्लीत गाड्या कधीपासून यायला लागल्या?

कंडोम?... हो, चांगला आहे की. रोगांपासून जपणारा तोच एक. प्रत्येक वेळी न चुकता वापरला तर. फक्त हातातून पडला तर लगेच उचलावा... काही नाही गं. अनुभवाचे बोल.

सगळ्यात चांगलं कुठलं म्हणजे?... आम्ही मत देत नाही. आम्ही सगळं समोर मांडतो आणि बाईला ठरवू देतो. सगळ्यांना उत्तम असं काही नसतंच, ज्याला जे झेपेल... आई म्हणून? आई म्हणून विचारतेस? मग तांबी. डॉक्टरीणबाईंनी एकदा बसवली की कितीतरी वर्षं सुटलीस, आणि मूल हवं झालं की काढून टाकायची. सुरुवातीला अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं, ते खोटं नाही सांगत. पण तांबी लक्षात ठेवावी लागत नाही. आणि विसरण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

मी बरी आहे गं. कितीदा विचारशील... थंडी? वाजतेय जराशी, फरशी गार... खुर्ची. खुर्ची गार आहे.

...कुठली चादर?... पलंगावरची ओढून घेऊ?...

तुला कसं कळलं?

ऐकलंस? काय काय ऐकलंस?... अगं पण तू तर बाळाला घ्यायला गेली होतीस, मला वाटलं फोन ओट्यावर... कानालाच होता? म्हणजे आई गं म्हटलं तेव्हापासून?... नमुनासुद्धा?... अरे देवा.

हो, हो, ओढली चादर. घेतली अंगावर... नाही, डोकं नाही आपटलं. शुद्धीवर आहे चांगली, एवढी साधनं पाठ म्हणून दाखवली की आत्ता... कुठे आहेस तू?... आमच्या कोपऱ्यावर? जावईबापू?... कामावर. मग बाळ?... पोटाशी बांधून टॅक्सीत? अगं, हळू चाल, धावू नकोस तिला घेऊन.

म्हणजे ती गोळी, ती काडी, ती तांबी, ते सगळं... बोलतं ठेवत होतीस मला. 'पडलेल्या माणसाला धीर द्यावा, मदत येईपर्यंत आवडीच्या विषयावर बोलतं ठेवावं.' माझंच वाक्य आहे ते. तूच टाइप करून दिलं होतंस, तोंड वाकडं करून.

छान. आणि मी इथे फरशीवर पडून हुरळून गेलेय, की लेकीनं अखेर आईला काही विचारलं... नाही रडत. मनगट दुखतंय.

जिना चढतेयस? कठडा धर. एक हात मोकळा ठेव... हो, तेही माझंच वाक्य. किल्ली नको शोधूस, काही उपयोग नाही. आतून कडी आहे... माहितेय मला, 'एकटे असाल तर आतून कडी लावू नका.' माहितेय. सगळ्यांना सांगते. आता पुढे बोल.

उठत नाही, बाई. खालची कडी आहे, बसल्या बसल्या पोचेन. फोन स्पीकरवर टाकून मांडीत ठेवते. ओरडू नकोस मग... हं. पाय दुमडले. डावा हात मागे. टेकला. सरकले... उजवा हात छातीशीच आहे... थांबते, थांबते. श्वास घेते... पुन्हा. पंजाच्या जोरावर, हो. निघाली माझी वरात.

कपाट ओलांडलं. नमुना आलाय मध्ये. थांब, तो आधी लपवते कुठेतरी... अगं असू दे काय, कुणी बघितलं म्हणजे?...

कोण आलंय तुझ्याबरोबर? शिंपीकाका? तू बोलावलंस त्यांना?... मला उचलायला. आणि त्यांना सांगितलंस कशावरून पडले ते?... सांगितलंस. बरं केलंस. आता मी घरच बदलते... काय म्हणतायत ते?... मोठ्यानं सांग, ऐकू नाही आलं...

'बाई, लाजू नका.'

हं. बसतात वाटतं दुपारच्या व्याख्यानाला मन लावून.

आले. दाराशी आले. कडी हाताशी आहे... थांब गं, काढते. एक सांग आधी... नाही, दार पळून जात नाही. फोन तूच केलास ना? मी काही केला नव्हता. मी पडलेय हे तुला तेव्हा कुठे माहीत होतं?... म्हणजे ते विचारायलाच केला होतास? खरंच?... कधीपासून?... महिनाभर? महिनाभर फोन हातात घेऊन ठेवत होतीस?... वेडे. मला कशाला भ्यायचं. मी काय, मी फरशीवर बसलेली बाई.

...

येईन गं तुझ्याकडे. हात बरा होईपर्यंत, तेवढंच. माझी खिडकी मी सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते... आणि तुझ्या त्या कामाला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ दोघी. तिथे सगळे ओळखतात मला, लेकीला घेऊन आल्या म्हणतील. चालेल ना तुला? बाहेरसुद्धा?...

चालेल.

बरं. काढते कडी. फोन ठेव आता... आणि भिंगरे, आत आलीस की खाली बघून पाऊल टाक. पोटाशी लेकरू आहे आणि तो बुळबुळीत कंडोम अजून तिथेच पडलाय.