हातात दोन राजे

बाळाला थोपटत ती लशीच्या रांगेत बसली होती. शेजारच्या बाकावर सासू-सुनेचं बोलणं रंगलं होतं.

“पोकरच्या पहिल्याच डावात हातात दोन राजे, आणि तुम्ही बोली न वाढवता गप्प बसलात, आई?”

“म्हटलं, साधीसुधी स्पर्धा, येऊ देत सगळ्यांना डावात.”

“आल्या ना सहाजणी! एकीला तीन दुऱ्या लागल्या आणि तुम्ही बाहेर.”

“आणि जी आधी बाहेर, तिच्या गळ्यात स्वयंपाक. तीन रविवार रांधतेय बाई मी!”

“आज सुरुवातीलाच दणकून बोली वाढवा. समोर एखादीच उरली पाहिजे.”

“ती तूच निघालीस तर?”

“तर आणखी वाढवा.”

“अगं, मग स्वयंपाक तुझ्या गळ्यात!”

“पडू दे. तुम्हाला एकदा शेवटपर्यंत खेळताना बघायचंय मला.”

नर्सने बाळाचं नाव पुकारलं. बाळाच्या आईला ते बोलणं अर्धवट सोडवेना; तिने हसून पुढच्या नंबराच्या बाईंना आधी जायची खूण केली.