उजव्या डोळ्याचं कडं

चष्म्याची काडी बदलून घ्यायला बसलेल्या शिंपीकाकांना काउंटरवरचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"ही जुनी दुर्बीण आमच्या ह्यांची. जड आहे हो, मान भरून येते. मला पर्समध्ये मावेल अशी दाखवा. रोज तळ्यावर फिरायला जाते."

"ही बघा आजी, आठपट. दहापटवाली हातात फार हलते. दारात उभं राहून बघा."

आजी दाराशी गेल्या. दुकानदाराने सवयीने जुनी दुर्बीण उचलली, काचा पुसल्या, नंबर जुळवायचं उजव्या डोळ्याचं कडं शून्यावर आणलं आणि दोन्ही नळ्या जवळ सारल्या.

"छान आहे ही. समोरच्या गच्चीवरचं कबुतर मान खाजवतंय, तेसुद्धा दिसतंय."

"मग जुनी बदल्यात देता का?"

"छे हो! ते गेल्यापासून तिचं कडंसुद्धा फिरवलेलं नाही मी. त्यांच्या डोळ्यांना लावलेली, तशीच आहे. मला त्यातून नुसतं धुरकट दिसतं, तरी सकाळी एकदा बघतेच."

शिंपीकाकांनी दुकानदाराकडे पाहिलं. त्याचा हात अजून कड्यावरच होता.

"आजी... आजोबांचा नंबर किती होता, आठवतंय?"

"आता कशाला तो?"

"नाही, सहज. नवी बांधून देऊ?"

"द्या. आणि ती आणा इकडे."

आजींनी जुनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ काढलीच नाही.

"स्पष्ट दिसतंय हो," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं स्पष्ट दिसतंय."