गळ्याचा दोष नव्हता

माझं माहेर शीळचं, सासर ठाकुर्लीच्या खाडीकाठचं, जात आगरी, शेत खारं, आणि मी धवलारीण. तुमच्यात लग्नाला भटजी लागतो ना मास्तर, तशी आमच्यात धवलारीण लागते. तिनं धवले गायचे, देवांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, मग नवरीला हळद लागायची. मला हे आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं, लिहिलेलं कुठे काही नाही.

तर काय सांगू तुम्हाला, भातकापणीच्या वेळी कानाखाली मानेला गाठ आली. दुखत नव्हती म्हणून मी लक्ष दिलं नाही, कापणी टाकून गाठ कोण कुरवाळत बसणार. सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली तेव्हा सासूनं बघितली. म्हणाली, जन्मभर गाऊन गाऊन गळा फाडलास, त्यात लोकांची नजर. वैद्यानं लेप दिला आणि तोही म्हणाला गळ्याला विसावा द्या. आता वैद्य आणि सासू एक बोलायला लागल्यावर सुनेचं कोण ऐकतंय. सासूनं देवीला नवस केला, गाठ जाईपर्यंत सून गाणार नाही, आणि चांदीचा गळा वाहिला. आमच्यात जो अवयव दुखतो तो चांदीच्या पत्र्यावर काढून देवीला देतात, हात दुखला तर हात, डोळा दुखला तर डोळा. कल्याणच्या सोनारानं गळा असा लांब काढला की मी म्हटलं, हा माझा नाही, खाडीतल्या बगळ्याचा आहे. सासू म्हणाली, गप बस, नवस आहे.

बसले गप. पण माझ्या हिरूचं लग्न ठरलेलं होतं, मुलगा आंबिवलीचा, आणि तिच्या हळदीला दुसरी धवलारीण सांगितली. गावोगावच्या पोरींना मी गाऊन हळद लावली आणि माझ्याच पोरीच्या मांडवात मी तोंडाला पदर लावून बसायचं. गाठीचं नाही, पण हे मला लागलं. हिरू म्हणाली, आये, तू गायली नाहीस तर मी हळदीला बसतच नाही. सासू म्हणाली, नको बसू, जा अशीच कोरडी.

मी गप आणि गाठ वाढतेय, खाली दुसरी आली. मग नवरा म्हणाला, बास झालं, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊ. ओहोटीबरोबर होडी सोडली. तिथला डॉक्टर मुंबईत शिकलेला, मराठी आपल्यासारखंच बोलायचा. त्यानं घशात आरसा घालून बघितलं, पोट दाबलं, छाती बघितली, गाठीचा तुकडा काढून भिंगाखाली धरला, आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावून नवऱ्याकडे बघून सांगायला लागला. मी म्हटलं, तिकडे काय बघता, मान माझी आहे. तेव्हा माझ्याशी बोलला. हा कॅन्सर आहे, म्हणाला, पण तो मानेत उगवलेला नाही, आत दुसरीकडे कुठेतरी मूळ आहे, तिथून इथे आलाय, आणि ते मूळ मला सापडत नाही. मी विचारलं, गाण्यानं झालं का. म्हणाला, गाण्यानं असलं काही होत नाही, तुमचा गळा साफ आहे. बरं होईल का. नाही. किती दिवस. ते सांगता येत नाही.

परत येताना नवरा वल्हं धरून नुसता बसला आणि होडी चिखलात रुतली. मी म्हटलं, रडायचं ते घरी रडा, आधी होडी काढा. मला काय वाटलं विचाराल तर खरं सांगते, मरण ऐकलं होतं, पण कानात एकच घुमत होतं, गळा साफ आहे.

घरी सासूला सगळं सांगितलं. ती म्हणते, मूळच माहीत नाही तर देवीला वाहायचं काय. पोट द्यावं आणि निघालं काळीज, मग. मी म्हटलं, अख्खी बाईच घडवून घ्या सोनाराकडून, कुठलं तरी लागेल. ती हसली नाही. मग मी म्हटलं, आत्याबाई, नवस गळ्याच्या दुखण्याचा होता, दुखणं गळ्याचं नाही, मग माझं गाणं कशात अडकलंय. त्यावर ती उठली, नारळ घेतला, देवळात गेली. देवीशी काय बोलली ते तिलाच माहीत. आली ती चुलीपाशी जाऊन म्हणाली, हळदीला गा. त्या दुसरीला मी निरोप धाडते.

हिरूच्या हळदीला पहिल्याच ओळीत आवाज फाटला, इतके दिवस बंद होता ना. तर मागून कुणीतरी ओळ उचलली, वळून बघते तर सासू. सूर कुठल्या कुठे, पण ओळ सोडली नाही तिनं. मग माझा आवाज लागला आणि सगळ्या देवांना बोलावून झाल्यावरच पोरीला हळद लागली.

आता गाठी तीन आहेत. डॉक्टरला मूळ सापडलं नाही, मीही शोधत नाही, मला कामं आहेत. हिरू आंबिवलीहून येते, आम्ही भात सडतो आणि मी तिला धवले देते. चुकली की मी मुसळ थांबवते, मग ती पुन्हा पहिल्यापासून म्हणते. निम्मे तिला आलेत. तुमचं भलं होवो मास्तर, तुम्ही एवढं ऐकलंत. गावात विचारलं कुणी तर सांगा, लग्न ठरवा, मी असले तर मी येईन, नसले तर हिरू येईल.