कासारदऱ्याचे टाळ आणि इतिहासाची पदवी

मंडळी, ऐका! देवाच्या दारात आज एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो, रागावू नका. विद्येची किंमत रुपयांत करावी का?

पुढच्या रांगेतले आजोबा मान हलवतायत – छे छे, विद्या अमोल असते! बरं. मग तुमच्या नातीनं येऊन सांगितलं, मी इतिहासात एम.ए. करते, तर पहिला प्रश्न कोणता विचाराल? त्यात पगार किती, हाच ना? म्हणजे अमोल विद्या शेजाऱ्याच्या नातीची! आपल्या नातीची आपण भाव करूनच घेतो. हसू नका, मीही त्यातलाच. आणि त्यात गैर काही नाही, पोट सगळ्यांना आहे. फक्त हा हिशेब आपण अर्धाच करतो. तो पुरा कसा करायचा, ते कासारदऱ्याच्या दामूअण्णांकडून शिकायचं.

कासारदरा हे घाटाच्या पायथ्याचं गाव. चौदा भट्ट्या, आणि काम एकच – काशाचे टाळ ओतायचे. तांबं अठ्ठ्याहत्तर भाग, कथील बावीस. कथील कमी पडलं तर सूर बसतो, जास्त झालं तर टाळ काचेसारखा तडकतो. अहो टाळकरीदादा, एकदा वाजवा. थांबा... सगळे गप्प... ऐकलंत? मी घड्याळ लावून मोजलंय – अकरा सेकंद सूर राहतो! पत्रा दाबून केलेला पितळी टाळ तिसऱ्या सेकंदाला मुका होतो.

दामोदर अंदुरे, म्हणजे आपले दामूअण्णा, या गावातले पहिल्या नंबरचे ओतणारे. त्यांची मुलगी मंजिरी. बारावी सायन्सला चौऱ्याऐंशी टक्के! सगळ्यांनी तिला मनातल्या मनात औषधांच्या कारखान्यात बसवून टाकलं होतं. तिनं घेतला इतिहास. मामा घरी आला आणि चहा निवेपर्यंत बोलत राहिला. म्हणाला, "दाजी, मेलेल्या राजांच्या राण्यांची नावं पाठ करून पगार मिळतो होय?" अण्णा हसले. पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं. पोरीला त्यांनी अडवलं नाही, बी.ए. झालं, एम.ए.ला पुण्याला पाठवलं. पण एम.ए.चं दुसरं वर्ष आलं आणि त्यांच्या मनानं घेतलं, आता पुरे. कारण गावावर संकट आलं होतं.

संकट काय? शहरातल्या एका व्यापाऱ्यानं पत्र्याच्या टाळावर 'कासारदरा' असा छाप मारून विकायला सुरुवात केली. अर्ध्या किमतीत! गिऱ्हाइकाला काय कळतंय? वर्षभरात चौदांतल्या पाच भट्ट्या थंड झाल्या. अण्णांची भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटायची. मग एका वकिलानं मार्ग सांगितला – भौगोलिक मानांकन घ्या. म्हणजे या नावाचा माल याच गावचा, अशी सरकारदरबारी नोंद. ती झाली की दुसऱ्या कुणाला ते नाव वापरता येत नाही.

कारागीर संस्थेचे अध्यक्ष बबनराव रासने यांनी अर्ज भरला. 'इतिहास' या रकान्यात काय लिहिलं? गोकुळात जे टाळ वाजले ते कासारदऱ्याचेच, परंपरा पाच हजार वर्षांची! भक्ती म्हणून ठीक आहे हो. मी कीर्तनात म्हणालो तर तुम्ही टाळ्याही द्याल. पण सरकारी कचेरीतून पत्र आलं – दोन महिन्यांत सुनावणी आहे, पुरावा घेऊन या.

गाव म्हणालं, पुरावा काय, एक जुना टाळ दाखवू! आणि घराघरांत शोध सुरू झाला. मंडळी, सांगा – टाळांच्या गावात जुने टाळ किती निघाले असतील?

एकही नाही!

का? अहो, कासाराचा धर्मच तो. फुटका टाळ, चिरकी वाटी, सगळी जुनी मोड घ्यायची, मुशीत टाकायची आणि नवा माल ओतायचा. बाप ओतायचा, मुलगा वितळवायचा. अशा कित्येक पिढ्या! दुसऱ्या गावात इतिहासाला वाळवी लागते, इथे इतिहास दरवर्षी नव्यानं चकाकत बाजारात जायचा.

हे ऐकलं आणि दामूअण्णांना एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी देवळाच्या गुरवानं एक जुना जोड मोडीत आणून दिला होता. काठावर अक्षरं होती, सालही होतं. अण्णांनी वाचायचा प्रयत्नही केला नाही, मुशीत टाकला. मंजिरी सुट्टीला घरी आली तेव्हा त्यांनी तिला हे सांगितलं. वर म्हणाले, "गावाचा पुरावा मीच वितळवला, मंजू. आता तुझी पुढची फी कुठून आणू? राहू दे ते शिकणं."

पोरीनं वाद घातला नाही. उलट विचारलं, "अण्णा, आपल्याकडे कथील यायचं कुठून?"

"घाटावरून. आपल्या बाजूला कुठे निघतंय?"

"आणि टाळ जायचे?"

"तेही घाटावरूनच."

"मग घाटात जकात घेत असतील. आपण वितळवलं, पण जकातवाला लिहून ठेवत असेल."

बघा! कासार टाळ शोधत होते, आणि ही टाळ पाहून पैसे घेणाऱ्या माणसाला शोधायला निघाली. हे इतिहासाचं शिक्षण. राण्यांची नावं नव्हेत – एखादी गोष्ट नाहीशी झाली तर तिचा माग कुणाच्या घरी उरला असेल, हे ओळखणं!

अण्णांनी तिला आणखी एक महिना दिला. सरकारी दफ्तरखान्यात ती सकाळी दार उघडताना जायची, बंद होताना निघायची. तिथे कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात, त्यांना रुमाल म्हणतात. मोडी लिपी, उडालेली शाई, नाकात धूळ. एकतिसाव्या रुमालात सापडलं. शके सोळाशे त्र्याण्णव, म्हणजे इसवी सन सतराशे एकाहत्तर. घाटातल्या चौकीची नोंद – कासारदऱ्याचे टाळ, जोड चाळीस, दर जोडी वजन अच्छेर. अच्छेर म्हणजे अर्धा शेर.

गाव नाचलं का? कसलं नाचतंय! बबनराव म्हणाले, "अडीचशेच वर्षं? पाच हजारांचं काय करायचं?" मंजिरी म्हणाली, अर्जातून काढून टाका. तेव्हा ते तडकले. म्हणाले, "दामू, तुझी पोरगी गावाचं वय कमी करायला शिकली का?"

सगळ्यांचे डोळे अण्णांवर. बबनराव म्हणजे संस्थेचे धनी, कथील त्यांच्या सहीनं मिळायचं.  पण अण्णा म्हणाले, "बबनदादा, कथील कमी असताना आहे म्हणून सांगितलं तर टाळ बोलतोच ना? तसंच हे. जेवढं आहे तेवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं. सुनावणीला समितीतल्या एका बाईंनी विचारलं, कासारदरा हे नाव दुसऱ्या गावाचंही असू शकेल, मग हेच कशावरून? मंजिरीनं पुढच्या चौकीचं नाव आणि गावापासून तिचं नोंदीतलं अंतर दाखवलं – दोन कोस, आजही तेवढंच भरतं. बाईंनी पुढे विचारलं, तेव्हाचे टाळ आणि आताचे टाळ एकच, हे कशावरून? इथे मंजिरी थांबली. कागद तिथे संपला होता.

दामूअण्णा टाळांचा जोड हातात घेऊन उठले. म्हणाले, "बाईसाहेब, शेर जाऊन साठ वर्षं झाली. पण आमच्यात या मापाच्या टाळाला अजून अच्छेरीच म्हणतात. वडील म्हणायचे, म्हणून आम्ही म्हणतो. का, ते मला या पोरीनं कागद वाचला तेव्हा कळलं."

समितीनं काटा मागवला. पक्का शेर नऊशे तेहेतीस ग्रॅम, निम्मे चारशे सहासष्ट. जोड भरला चारशे एकसष्ट! आता खरं सांगायचं तर शेर गावोगाव बदलायचा, तेव्हा नुसत्या वजनानं काही सिद्ध होत नाही. पण गाव जुळलं, वाट जुळली, मापाचं नाव जुळलं, वजनही जुळलं. दहा महिन्यांनी मानांकन मिळालं. व्यापाऱ्याला छाप काढावा लागला.

आता करा हिशेब. जोडी नऊशेला जायची, ती चौदाशेला जाते. तेरा भट्ट्या पेटल्यात, महिन्याला भट्टीमागे तीस जोड. पाचशेची वाढ धरली, तर गावात वर्षाला तेवीस लाख चाळीस हजार जास्त येतात. मंजिरीनं एम.ए. पुरं केलं, त्याचा सगळा खर्च, खानावळीसकट, एक लाख साठ हजार!

तिला स्वतःला काय मिळालं? संस्थेनं पन्नास हजार दिले. मग असाच पुरावा शोधायला चटया विणणाऱ्या एका गावानं बोलावलं, मग मिरचीवाल्यांनी. आज तिची कमाई औषधांच्या कारखान्यातल्या तिच्या चुलतभावापेक्षा महिना दोन हजारांनी कमीच आहे. देवासमोर खोटं कशाला सांगू? आणि इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला असा एकतिसावा रुमाल सापडतो, असंही मी म्हणत नाही. पण आपण मोजतो काय? एकट्याचा पगार! तेरा भट्ट्यांची धग कुणाच्या पगारपत्रकात दिसते?

तर मंडळी, आरतीला उठायच्या आधी एक करा. शेजारी बसलेल्याला विचारा – आपल्या गावाचा सगळ्यात जुना कागद कुठे आहे, आणि तो वाचता कुणाला येतो? ... हं. बघा, मंडप कसा शांत झाला! याचा अर्थ, गावाला एक इतिहासाचा विद्यार्थी हवा आहे. पोरं घराघरांत आहेत. आणि फी भरायला आपण इथे साडेतीनशे माणसं बसलोय.